मार खाणारी नायिका उलटते तेव्हा पटकथेत काय राहून जातं

प्रश्न थोडक्यात असा: एका पटकथालेखिकेने कौटुंबिक हिंसेवर कथा लिहिली आहे. मध्यंतरापर्यंत नायिका नवऱ्याचा मार खाते आणि मध्यंतरानंतर त्याला घरातच डांबून एकेक हिशेब चुकता करते. ज्यांनी ती वाचली त्यांतले काही म्हणतात, "एवढा मार खाऊन ही निघून का जात नाही?" बाकीचे म्हणतात, "इतकी भेदरलेली बाई एका रात्रीत अशी धीट कशी झाली?" निर्मात्याला टाळ्यांचा शेवट हवा आहे. हिंसेतून बाहेर पडणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या माणसाला यात काय खटकतं, मारहाण किती दाखवावी आणि पडद्यावर हे कुणी नीट केलंय का, असं लेखिका विचारते.

मी या क्षेत्रात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि अधूनमधून अशा पटकथा वाचायला येतात. माझ्या मते दोन्ही आक्षेपांचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्या पूर्वार्धात आहे. तुम्ही मार लिहिलाय, धाक लिहिलेला नाही.

आमच्याकडे येणारी बाई पहिल्या भेटीत मारहाणीबद्दल सहसा फारसं बोलत नाही. तो फोन तपासतो, पै-पैचा हिशेब मागतो, आंघोळीला इतका वेळ का लागला म्हणून विचारतो, हे ती सांगते. रात्री दोनला उठवून तीन वर्षांपूर्वीचं भांडण उकरून काढतो आणि पहाटेपर्यंत झोपू देत नाही, हेही सांगते. झोप न मिळू देणं हा प्रकार सिनेमात मला जवळपास कुठेच दिसलेला नाही, प्रत्यक्षात मात्र तो अगदी सर्रास असतो. हात उगारला जाणं महिन्यातून एकदा, कधी वर्षातून एकदा. बाकीचे दिवस ती तो उगारला जाऊ नये म्हणून वागत असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी 2007 मध्ये हीच मांडणी केली: याकडे सुट्या सुट्या मारहाणींची मालिका म्हणून बघू नका, एका माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारा सलग चालणारा गुन्हा म्हणून बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने असं नियंत्रण हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला, अंगावर एकही वळ नसला तरी.

आता हे पडद्यावर कसं दिसतं ते बघा. 1991 च्या 'स्लीपिंग विथ द एनिमी'मध्ये नवऱ्याला न्हाणीघरातले टॉवेल एका रेषेत लागतात आणि कपाटातले डबे ओळीत, लेबलं समोर करून. ज्युलिया रॉबर्ट्सची नायिका पळून जाते, दुसऱ्या गावात नाव बदलून राहते आणि टॉवेल मुद्दाम वेडेवाकडे टाकायला लागते. मग एके रात्री न्हाणीघरात जाते तर टॉवेल सरळ रेषेत. कपाट उघडते तर डबे ओळीत. घरात कुणीही दिसत नाही, आवाज नाही, आणि तरी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. चित्रपट एरवी बेताचाच आहे, शेवटाबद्दल पुढे बोलतेच, पण ही एक गोष्ट त्यांनी अचूक पकडली. हिंदीत 1995-96 च्या सुमाराला या कथेवरून एकापाठोपाठ एक तीन चित्रपट निघाले, 'याराना', 'अग्निसाक्षी' आणि 'दरार'. त्यांत नवऱ्याच्या विकृतीला, विशेषतः नाना पाटेकरांच्या भूमिकेला, भरपूर जागा मिळाली. पण बायकोच्या डोक्यात चोवीस तास चालणारी मोजदाद त्या मानाने मागे पडली. नट तगडा मिळाला की कॅमेरा त्याच्याकडे वळतो. तुमच्या पटकथेतही नवऱ्याचे संवाद जास्त चमकदार आहेत, ते एकदा तपासा.

याहून बारीक काम बघायचं असेल तर इसियार बोयाईन या दिग्दर्शिकेचा 'ते दोय मिस ओखोस' हा 2003 चा स्पॅनिश चित्रपट मिळवून बघा. सुरुवातीलाच पिलार रात्री मुलाला उठवून घराबाहेर पडते. बहिणीकडे पोचल्यावर तिच्या लक्षात येतं की आपण घरातल्या सपाता घालूनच निघालो. आधी काय झालं ते आपल्याला दाखवलेलंच नाही, आणि त्या सपातांनंतर दाखवायची गरजही उरत नाही. पुढे ती परत जाते, कारण नवरा सुधारायचा खरोखर प्रयत्न करतोय, पुरुषांच्या गटात जाऊन वहीत नोंदी करतोय. ती नोकरीच्या मुलाखतीला निघते त्या सकाळी तोच नवरा तिचे कपडे काढून तिला बाल्कनीत उभी करतो. नंतर ती पोलिसांकडे जाते तेव्हा कुठे लागलंय या प्रश्नाला तिच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं. आमच्या कामातला हा रोजचा पेच आहे आणि एवढा नेमका मी दुसरीकडे पाहिलेला नाही. या चित्रपटात सूड अजिबात नाही. शेवटी ती मैत्रिणींना घेऊन येते, आपलं सामान उचलते आणि जाते. नवरा खिडकीतून बघत राहतो.

फ्रेंच चित्रपट 'ज्यूस्का ला गार्द' (2017) बद्दल एकच सांगते: त्यात बापाच्या गाडीत बसलेल्या मुलाचा चेहरा आणि सीटबेल्ट न लावल्याचा टूं-टूं आवाज, एवढ्यावर दिग्दर्शक झाव्हिए लग्राँ यांनी प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवलंय.

आता "निघून का जात नाही" याकडे येऊ. हा प्रश्न विचारणारा असं धरून चालतो की दाराबाहेर सुरक्षितता आहे. पण निघून जाण्याचा काळ, म्हणजे ती निघणार याचा सुगावा त्याला लागल्यापासून पुढचे काही महिने, हाच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. हातातला ताबा सुटतोय म्हटल्यावर तो चवताळतो. त्यामुळे शहाणी बाई घाई करत नाही. ती कागदपत्रांच्या प्रती एखाद्या मैत्रिणीकडे ठेवते, थोडे थोडे पैसे बाजूला काढते, मुलांच्या परीक्षा संपायची वाट बघते. बाहेरून हे निमूट सोसणं दिसतं. 'स्लीपिंग विथ द एनिमी'ची नायिका पाण्याला घाबरते असं नवऱ्याला वाटत असतं, आणि ती चोरून पोहायला शिकलेली असते. 2020 च्या 'द इनव्हिजिबल मॅन'ची सुरुवात तर फक्त पलायनाची आहे. नवऱ्यासारखाच हक्क गाजवणारा जोडीदार झोपेच्या औषधाने गुंगीत, आणि ती अनवाणी, एकेक पाऊल मोजत त्या काचेच्या घरातून बाहेर पडते. कॅमेऱ्याचं तोंड फिरवणं, अलार्म बंद करणं, लपवलेली बॅग उचलणं हे सगळं बघताना आपल्याला कळतं की या बाईने याची उजळणी मनात शंभरदा केलेली आहे. "का जात नाही" हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही, कारण जायला काय लागतं ते त्याने पाहिलेलं असतं. तुमच्या पूर्वार्धात असं एक फसलेलं पलायन हवं. आरडाओरडा, पाठलाग नको. ती बसथांब्यापर्यंत जाऊन परत येते आणि त्याला कळलेलंही नसतं, एवढं पुरे.

इथेच दोन सुधारणा. तुमचा नवरा मारतो तेव्हा दरवेळी प्यायलेला आहे. दारूने हात सैल सुटतो हे खरं, पण तोच माणूस तितकीच पिऊन साहेबावर हात टाकत नाही. 2022 च्या 'डार्लिंग्ज'मध्ये हे चांगलं हाताळलंय. नवऱ्याची, हमजाची, दारू सुटली की सगळं सुरळीत होईल या आशेवर बद्रू असते, दारू सुटते आणि मार थांबत नाही. दुसरं, दहाव्या प्रसंगात तो तिचा गळा दाबतो आणि अकराव्यात ती चहा करतेय, जणू आणखी एक थप्पड बसली. आमच्या कामात गळा दाबला हे कानावर पडलं की बाकीचं बोलणं थांबतं. 2008 च्या एका अमेरिकी संशोधनात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. त्या दिवसापासून तिचा आवाज बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, आणि याच्या हातून आपण मरू शकतो हे तिला आता अंगाने कळलेलं असेल. तुमच्या कथेचा सांधा खरं तर तिथे आहे, मध्यंतराला नाही.

सूडाकडे यायच्या आधी एक आकडा डोक्यात ठेवा. जगभरातल्या खुनांच्या आकडेवारीचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा सांगतो की खून झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के जोडीदाराच्या हातून मेल्या, पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे 6 टक्के. पडद्यावर चित्र उलटं दिसतं. म्हणून सूडकथा लिहूच नयेत असं मी म्हणणार नाही. आमच्यासमोर बसलेल्या कितीतरी जणी त्याच्या मरणाची स्वप्नं रंगवतात, त्यावर हसतातही, आणि नंतर शांतपणे पोटगीच्या अर्जावर सही करतात. अशा कल्पना मनात येणं निरोगी माणसाचं लक्षण आहे. सिनेमाने त्या कल्पनेला जागा दिली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते लेखक कच खातो तेव्हा.

'स्लीपिंग विथ द एनिमी'च्या शेवटी नायिका नवऱ्यावर पिस्तूल रोखून पोलिसांना फोन करते, घरात घुसलेल्या माणसाला मी मारलंय असं सांगते, आणि मग गोळी झाडते. इथवर ठीक, त्या फोनमध्ये डोकं आहे. 2002 च्या 'इनफ'मध्ये जेनिफर लोपेझची नायिका महिनाभर हाणामारीचं शिक्षण घेऊन नवऱ्याच्या घरात शिरते, त्याला लोळवते, आणि ऐनवेळी तिच्याने मारवत नाही. मग तोच पुन्हा अंगावर येतो आणि वरून पडून मरतो. 'डार्लिंग्ज'मध्ये बद्रू हमजाला रुळांवर बांधते, मग मन बदलून सोडते, आणि त्याला रेल्वेच उडवते. दोन्हीकडे नवरा मेला पाहिजे पण बाईच्या हाताला रक्त लागता कामा नये, अशी तडजोड आहे. प्रेक्षकाला सूडाचं समाधान आणि नायिकेला निर्दोषत्व, दोन्ही एकदम. 'डार्लिंग्ज' मला त्यातल्या विनोदासकट आवडला, बद्रूच्या आईचं रहस्य तर फारच, पण ती रेल्वे लेखकाने पाठवलेली आहे हे लपत नाही. निर्णय बाईचाच असू द्या, मारायचा किंवा सोडायचा. आणि जो असेल त्याची किंमत तिला मोजू द्या.

गंमत अशी की न्यायालयंही याच ठिकाणी वर्षानुवर्षं अडखळत होती. शेवटचा मार आणि बाईचं कृत्य यांच्यामध्ये जो वेळ जातो त्याचं काय करायचं? इंग्लंडमध्ये 1949 च्या डफी खटल्यात न्यायाधीशांनी चिथावणीची, म्हणजे खुनाचा गुन्हा सौम्य ठरवू शकणाऱ्या बचावाची, व्याख्या केली ती स्वतःवरचा ताबा अचानक आणि तात्पुरता सुटणं अशी. ती आरोपी नवऱ्याचा छळ सोसणारी बाईच होती. ती खोलीबाहेर गेली, कपडे बदलले, हत्यार घेऊन परत आली आणि अंथरुणातल्या नवऱ्याला मारलं. मधल्या तेवढ्या वेळात तिचं डोकं थंड झालं असणार, म्हणजे हा सूड, असा तो तर्क. अंगाने दुबळी बाई समोरासमोर भिडू शकत नाही म्हणूनच थांबते, ही शक्यता त्यात बसत नव्हती.

किरणजीत अहलुवालिया यांची हकीकत त्याच नियमाखाली आली. 1989 मध्ये वर्षानुवर्षांच्या छळानंतर त्यांनी झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं, तो पुढे दगावला, आणि त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. 1992 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की उशीर झाला म्हणून चिथावणीचा बचाव आपोआप बाद होत नाही, मात्र जितका उशीर तितका तो टिकणं अवघड. शेवटी सुटका झाली ती मानसिक अवस्थेच्या पुराव्यामुळे. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मानला गेला आणि भोगलेली शिक्षा पुरेशी धरली गेली. 2009 च्या ब्रिटिश कायद्याने 'अचानक' ही अट काढून टाकली. भारतात कायद्याच्या कलमात 'गंभीर आणि आकस्मिक' हे शब्द अजून आहेत, पण मद्रास उच्च न्यायालयाने 1989 मध्ये आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये साचत गेलेल्या छळाचा विचार केलेला आहे. पुढे कोर्टाचे प्रसंग लिहिणार असाल तर हे निकाल वकिलाकडून समजून घ्या. 'तिने स्वसंरक्षणात मारलं' हे एक वाक्य फेकून खटला संपत नाही.

अहलुवालिया यांच्या हकिकतीवरचा 'प्रोव्होक्ड' हा ऐश्वर्या रायचा चित्रपट हेतूने प्रामाणिक आहे. पण छळ त्यात तुकड्या-तुकड्यांच्या आठवणींतून येतो, त्यामुळे मधला वेळ, ती थांबली तो वेळ, आपल्या वाट्याला येतच नाही. 1984 च्या 'द बर्निंग बेड' या टीव्हीपटाने तो जास्त दिला. तो फ्रान्सिन ह्यूज यांच्या 1977 च्या घटनेवर होता. त्यांचा घटस्फोट तोपर्यंत कधीच झालेला होता! माजी नवऱ्याला अपघात झाला, त्याची शुश्रूषा करायला त्या आल्या आणि अडकल्या. त्या दिवशी त्याने मारहाण केली, तिच्या अभ्यासाची पुस्तकं तिलाच जाळायला लावली, पोलीस येऊन बघून गेले. तो झोपल्यावर तिने मुलांना गाडीत बसवलं, घर पेटवलं आणि सरळ तुरुंगाच्या इमारतीकडे जाऊन कबुली दिली. ज्यूरीने तात्पुरत्या वेडाच्या कारणावरून तिला निर्दोष सोडलं. सुटका झाली, पण वेडी ठरून. घटस्फोट झालेली बाई शुश्रूषेसाठी परत जाते, हे तुम्ही मनाने लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांनी पहिल्यांदा तेच खोडायला सांगितलं असतं.

आणखी एक. अशा खटल्यांच्या अपिलांचा अमेरिकेतला 1991 चा एक अभ्यास आहे. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत बाईने मारलं ते समोरासमोरच्या झटापटीत. झोपलेला नवरा हा अपवाद. अपवाद जास्त नाट्यमय म्हणून त्याचे चित्रपट निघाले, आणि लोकांना वाटायला लागलं की असंच घडतं.

मग समाधान देणारा आणि खोटा न वाटणारा सूड कसा दिसतो? माझ्यासाठी त्याचा नमुना 1944 चा 'गॅसलाइट' आहे. नवऱ्याने बायकोला पद्धतशीरपणे पटवून दिलेलं असतं की तू वस्तू हरवतेस, विसरतेस, तुला वेड लागतंय. शेवटी तो पकडला जातो, खुर्चीला बांधलेला असतो, आणि खोलीत दोघंच असतात. तो तिला सुरी आणून दोर कापायला सांगतो. इन्ग्रिड बर्गमन सुरी हातात घेते, आणि मग ती कुठे ठेवली, आपण काय शोधत होतो, हे तिला आठवेनासं होतं. मी वेडी आहे ना, वेडी नसते तर तुला मदत केली असती, असं ती त्याला ऐकवते. रक्ताचा थेंब नाही. त्याने दोन तास तिच्यावर वापरलेलं हत्यार ती दोन मिनिटं त्याच्यावर वापरते आणि दार उघडून त्याला घेऊन जायला सांगते. 'द इनव्हिजिबल मॅन'चा शेवटही याच जातीचा आहे, फक्त रक्ताळ. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही कारण कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं. शेवटी ती त्याचंच तंत्र वापरते आणि कॅमेऱ्याला जे दिसायला हवं तेवढंच दिसू देते.

दोन्हीकडे सूडाची सामग्री पूर्वार्धातून आली आहे. "एका रात्रीत धीट कशी झाली" या आक्षेपाला हेच उत्तर. ती धीट झालेली नाही. धाकात जगताना तिने जे कमावलं तेच ती वापरते: त्याची झोप किती गाढ असते, किल्ल्या कुठल्या खिशात असतात, कुठल्या शेजाऱ्याला तो वचकतो, राग चढायच्या आधी त्याचा आवाज कसा मऊ होतो. 'इनफ'मधलं ते हाणामारीचं शिक्षण मला म्हणूनच उसनं वाटतं. पहिल्या बाईला बाजूला सारून तिच्या जागी दुसरीच आणून उभी केली आहे. तुमची नायिका नवऱ्याला डांबून त्याला मारते, उपाशी ठेवते, शिव्या देते. हे कुणीही कुणालाही करेल. तिने त्याला रात्री दोनला उठवून तीन वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल विचारलं तर? आंघोळीला किती वेळ लागला ते घड्याळ लावून सांगितलं तर? पूर्वार्ध नीट लिहिलात तर उत्तरार्धात साखळदंड लागणार नाहीत, आणि टाळ्या तरीही येतील. कदाचित थोड्या उशिरा.

मारहाण दाखवण्याबद्दल तुम्ही विचारलंय, त्यात माझं मत सरळ आहे. पहिल्यांदा दाखवा, पूर्ण दाखवा, नंतर दाखवू नका. प्रत्येक वेळी चढत्या क्रमाने मार दाखवला की तो तमाशा होतो आणि प्रेक्षक पुढच्याची वाट बघायला लागतो. 'थप्पड' (2020) मध्ये तर सबंध कथा एका थपडेवर उभी आहे, आणि ती पुरते.

शेवटचं तुमच्या पटकथेबद्दल. पूर्वार्धात त्यांना सात वर्षांची मुलगी आहे. मध्यंतरानंतर तिला आजीकडे पाठवून दिलंय आणि पुढे तिचा उल्लेखही नाही. ही सोय लेखिकेची झाली, त्या आईची नाही. असे निर्णय घेताना मुलं बहुतेकदा शेजारच्याच खोलीत असतात, आणि बाई थांबते किंवा उठते ती पुष्कळदा त्यांच्याकडे बघूनच. मुलीला घरात परत आणा आणि उत्तरार्धातला एकेक प्रसंग पुन्हा लिहून बघा. निम्मे प्रसंग तिच्यासमोर घडूच शकणार नाहीत. जे उरतील त्यांवर काम करा.